दातृत्व आणि धोरण : बालाजी घाटापासून रोजगार हमीपर्यंत

काशीतील पंचगंगा घाटाला लागूनच बालाजी घाट आहे. नावेतून पाहिले असता गंगेच्या पात्रातून वर चढत गेलेल्या पायऱ्या आणि त्यांच्या माथ्यावरील बालाजीचे देवालय नजरेत भरते. हा घाट पेशव्यांच्या आश्रयाने उभा राहिला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याकडे गेला. शेजारच्या पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींच्या दातृत्वाचे, तर विश्वेश्वराचे मंदिर अहिल्यादेवी होळकरांच्या दातृत्वाचे आहे. मराठी माणसाने आपल्या मुलखाबाहेर इतका पैसा क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावी ओतला असेल.

या दातृत्वाची प्रेरणा त्याच नगरीत आहे. काशीची ग्रामदेवता अन्नपूर्णा. साक्षात शंकर हातात कपाल घेऊन तिच्या दारी भिक्षेस उभे राहिले, अशी कथा आहे. जेथे देवानेच हात पसरला, तेथे मागणाऱ्याला कमीपणा नाही आणि देणाऱ्याला उसंत नाही. अन्नपूर्णेच्या मंदिराच्या वतीने आजही अन्नक्षेत्र चालते व यात्रेकरूंना विनामूल्य भोजन मिळते. घाटावर उतरणारा भाविक पायऱ्यांवर बसलेल्या याचकांच्या पुढ्यात नाणी टाकीत खाली जातो आणि स्नान आटोपून वर येताना उरलेली नाणी टाकतो. शतकानुशतके हा क्रम अखंड आहे. पायऱ्यांवर बसणाऱ्यांची रांगही तितकीच अखंड आहे.

ही दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, पण विचारात सहसा घेतली जात नाही. दारिद्र्य हटविण्याचा मार्ग व्यक्तीच्या दानातून जातो की राज्याच्या धोरणातून, हा प्रश्न जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांपुढे आहे. मराठी वाचकाला त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण या दोन्ही मार्गांचे प्रयोग महाराष्ट्राने अन्य कोणत्याही राज्याआधी आणि मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहेत.

बालाजी मंदिराशी निगडित आणखी एक हकिकत आहे. भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा बालपणीचा सनईचा रियाज या मंदिरात होत असे. तेथे सनई वाजविण्याबद्दल त्यांना आठ आणे मिळत आणि ते घेऊन हा मुलगा सुलोचनाबाईंचा नवा चित्रपट पाहावयास धावे, असे सांगितले जाते. म्हणजे एकाच घाटावर दोन प्रकारचे पैसे हातात पडत होते. पायरीवरचे नाणे भिक्षेचे होते. ते मिळेल की नाही, हे देणाऱ्याच्या मनावर अवलंबून होते. वरच्या मंदिरातली अठन्नी मेहनतान्याची होती. तिच्यावर वादकाचा हक्क होता आणि तिचे काय करायचे, हे त्याने कोणालाही विचारायचे नव्हते; चित्रपट पाहायचा असेल तर चित्रपट पाहावा. भिक्षेकऱ्याने असे केले असते, तर देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी हात आखडता घेतला असता.

दानाची पहिली मर्यादा येथे लक्षात येते. दान कोणाला द्यावे, हे दाता ठरवितो. पेशवाईत पुण्यास श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई. तिच्यावर लक्षावधी रुपये खर्च होत. परंतु ती विद्वान ब्राह्मणांसाठी होती, आणि दुष्काळाने गाव सोडून आलेला कुणबी तिला पात्र नव्हता. दुसरी मर्यादा दात्याच्या खजिन्याची. दानधर्म जोरात चालू असतानाच पेशव्यांच्या डोक्यावर सावकारांची मोठी कर्जे होती. थोरले बाजीराव तर धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे, म्हणजे आपल्या गुरूंचेच, ऋणको होते. (आजच्या काळात अशा कर्जप्रकरणाची छाननी कशी झाली असती, याचा विचार बँकेतील वाचकांनी फावल्या वेळी करावा.) १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा दक्षिणेचे भवितव्य नव्या राज्यकर्त्यांच्या हाती गेले. त्यांनी तिला कात्री लावली आणि तिच्यातील काही रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली.

मराठी मनात दातृत्वाचा आदर्श म्हणून मंगळवेढ्याचे दामाजीपंत आहेत. दुष्काळात त्यांनी कोठारे उघडून धान्य लुटविले आणि भुकेल्या प्रजेचे प्राण वाचविले. परंतु ही कथा नीट वाचली, तर ती व्यक्तिगत दानाची राहत नाही. दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अधिकारी होते आणि कोठारे सरकारी होती. त्यांनी स्वतःच्या पदरचे धान्य वाटले असते, तर ते चार दिवसांत संपले असते. मंगळवेढा जगला तो सरकारी साठ्यामुळे. दुष्काळात कोठारे उघडावीत, असा नियम मात्र बादशहाच्या दप्तरात नव्हता. म्हणून एका अधिकाऱ्याला आपले शिर पणाला लावावे लागले, आणि हिशेब पुरा करण्यासाठी विठ्ठलाला विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जावे लागले. जेथे नियम नसतो, तेथे चमत्काराची वाट पाहावी लागते.

असा नियम आपल्याकडे यायला पुढची चार शतके लागली, आणि त्यापूर्वी फार मोठा मृत्यू पाहावा लागला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्या वेळी पुणे परिसरात दोन वेगळी कामे एकाच वेळी चालू होती. जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ साली धनकवडी येथे उपासमार होणाऱ्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. घरोघरी मदत मागून भाकरी गोळा करण्याचे ते काम होते. दुसरीकडे पुणे सार्वजनिक सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून पिकांची, जनावरांची, मजुरीची आणि मृत्यूंची माहिती जमवीत होती व ती सरकारपुढे मांडत होती. दुष्काळी कामांवरील मजुरी सरकारने कमी केली, तेव्हा त्या कपातीविरुद्ध सभेने आवाज उठविला. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांचा या कामामागे हात होता.

यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. सभेचा अहवाल तयार होईपर्यंत धनकवडीतले मूल जगले नसते. आणि धनकवडीत कितीही भाकरी भाजल्या, तरी सोलापूर-विजापूरकडची लक्षावधी तोंडे त्यांना पुरली नसती. परंतु पुढच्या दुष्काळाला काय उरले, हे पाहिले तर फरक कळतो. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर 'फॅमिन कोड', म्हणजे दुष्काळ संहिता, तयार झाली. कामे केव्हा सुरू करावीत, मजुरी किती द्यावी, अपंगांना काय द्यावे, हे प्रथमच लेखी ठरले. संहिता कंजूष होती, पण लेखी होती. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक सभेने या संहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी वाटल्या. शेतकऱ्यांना त्यांनी सांगितले, की तुम्हाला जे मिळावयाचे आहे ती भीक नव्हे, सरकारनेच मान्य केलेली गोष्ट आहे, ती मागा. सरकारला हे इतके झोंबले, की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. सभेने अन्नछत्र उघडले असते, तर कलेक्टरसाहेबांनी बहुधा कौतुकाचे पत्र पाठविले असते.

यानंतर १९७१ या वर्षाकडे वळावे लागेल. त्या वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ही बातमी वाचून ऑक्सफर्डमधील एका तरुण तत्त्वज्ञाने, पीटर सिंगर याने, एक निबंध लिहिला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : डोळ्यांदेखत तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविताना आपण कपडे भिजतील याचा विचार करत नाही, मग दूरच्या देशातील मूल उपासमारीने मरत असताना आपल्या चैनीचा पैसा आपण स्वतःजवळ का ठेवावा? सुस्थितीतील माणसाचे देणे हे औदार्य नसून कर्तव्य आहे. पाश्चात्त्य देशांत या निबंधाने हजारोंना आपल्या मिळकतीतील ठरावीक हिस्सा देण्यास प्रवृत्त केले आणि त्याची चर्चा आजही चालू आहे.

त्याच वर्षी भारत सरकारने निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे केले. आजच्या ज्येष्ठ ग्राहकांना ते छोटे तिकीट आठवत असेल. पाच पैशांत कोणाचेही पुण्य साधत नव्हते आणि कोणाची पावतीही फाटत नव्हती. पण पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचा हिस्सा त्यात होता.

आणि त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरून त्यांनी हिशेब मांडला. ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आहेत, असा निष्कर्ष निघाला. उपाय म्हणून त्यांनी काम मागणाऱ्याला किमान मजुरीवर काम मिळण्याची हमी सुचविली. ही सार्वजनिक कामे मोठी असतील आणि त्यांचा भार सधन वर्गाने उचलला पाहिजे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

ही कल्पना पुस्तकात राहिली नाही, याचे श्रेय विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांना आहे. १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला होता. मग १९७० ते १९७३ असा सलग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत गेली, लोक लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढू लागले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने राज्यभर दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि अर्थातच खडी फोडणे. पिके जवळजवळ पूर्ण बुडूनही महाराष्ट्रात १८७६ सारखा मृत्यूचा खच पडला नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ व उपासमार या विषयावरील आपल्या अभ्यासात महाराष्ट्राच्या या अनुभवाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्यामागे लोकांचा रेटाही होता, हे विसरून चालणार नाही. काम द्या म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. मागणारा माणूस येथे हात पसरत नव्हता. कामाची यादी मागत होता.

१९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम मागेल, तिला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. येथे पात्रता ठरविणारा दाता नाही. जात विचारली जात नाही, शिफारस लागत नाही. जो उन्हात कुदळ मारावयास तयार आहे, तो पात्र. सुखवस्तू माणूस अशा रांगेत स्वतःहून उभा राहत नाही, म्हणून गरजूंची वेगळी निवड करण्याचे कारण राहिले नाही. कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांची मजुरी कामाच्या मोजमापाप्रमाणे पुरुषांइतकीच होती.

पैसा कोठून आला, हा भाग बँकेतील वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. पण तो परिचय आहे, याची जाणीव पुष्कळांना नसते. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील पगारदार, व्यापारी, डॉक्टर आणि वकील यांच्याकडून हा कर घ्यावयाचा आणि तो खेड्यातील रोजगार हमीसाठी वापरावयाचा, ही त्यामागची योजना. मोटारी, ऊसखरेदी, बागायती जमिनी यांवरही अधिभार बसला, आणि जमलेल्या करांइतकीच रक्कम राज्याने स्वतः घालावी, असे ठरले. मुंबईच्या चाकरमान्याने माणदेशातील अनोळखी मजुराला दिलेले हे दान आहे, असे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच, की देणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत.

या योजनेत दोष नव्हते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. हजेरीपटांवर खोटी नावे चढली. मजुरी वेळेवर मिळाली नाही. बांधलेले रस्ते दोन पावसाळ्यांत वाहून गेले. दानाचा अपव्यय झाला, तर दात्याला निदान राग येतो. सार्वजनिक पैशाचा अपव्यय कोणाचाच वाटत नाही. तरीही १९९० पासून हीच योजना फळबागांना जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर उभे राहिले. २००५ मध्ये संसदेने संपूर्ण देशासाठी वर्षाकाठी १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. पुढे मजुरी बँक व टपाल खात्यांत जमा होऊ लागली, तेव्हा हजेरीपटावरील भुतांची काही प्रमाणात पंचाईत झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला असून त्यात हमीचे दिवस १२५ केले आहेत.

जगाच्या पातळीवरही चित्र फारसे निराळे नाही. १९७८ नंतरच्या चार दशकांत चीनमधील सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर पडले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. ते शेती, उद्योग व व्यापार यांच्या धोरणबदलातून झाले, देणग्यांतून नव्हे. दुसरे उदाहरण बँकेच्या खिडकीवरचेच. परदेशी राबणारा मजूर घरी पैसे पाठवितो, तेव्हा त्यातील काही भाग शुल्कात जातो. हे शुल्क २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत म्हटले आहे. ही एक अट पाळली गेली, तर आखातातून गावी येणाऱ्या प्रत्येक मनीऑर्डरीत आपोआप भर पडेल, आणि त्यासाठी कोणाला देणगी मागावी लागणार नाही.

मग दानशूर व्यक्तीने हात आवरावा काय? गडचिरोलीचे उदाहरण याचे उत्तर देते. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. रुग्णालय दूर असलेल्या खेड्यांत नवजात बालके मरत होती. बंग दांपत्याने गावातीलच स्त्रियांना बाळाची घरी काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखण्याचे आणि औषध देण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम देशभरातील 'आशा' कार्यकर्तींकडे सोपविण्यात आले. सरकार असे प्रयोग सहसा करीत नाही. फसले तर जाब द्यावा लागतो. देणगीदाराचा पैसा तो धोका पत्करू शकतो. एखाद्या ग्राहकाने आपल्या खात्यातून अशा कामासाठी दरमहा ५०० रुपयांची स्थायी सूचना दिली, तर त्या ५०० रुपयांचे मोल तेवढ्यापुरतेच मर्यादित राहत नाही. तीच रक्कम घाटाच्या पायरीवर वाटली, तर संध्याकाळपर्यंत संपते. अर्थात संध्याकाळपर्यंतची भूक हीही भूकच असते, आणि ती भागविणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही.

धोरणाचा खरा धोका भ्रष्टाचारापेक्षा विस्मरणाचा आहे. वृद्धांसाठी केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनातील वाटा २००६ साली दरमहा २०० रुपये ठरला. राज्यांनी आपापली भर घातली. परंतु ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा आकडा पुढे वर्षानुवर्षे २०० वरच राहिला. २००६ साली त्या पैशांत किती डाळ येत होती आणि आज किती येते, हे शाखेत रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंना कोणत्याही निर्देशांकाशिवाय ठाऊक आहे. पायरीवर नाणे टाकणारा निदान महागाईनुसार चार आण्यांवरून रुपयावर आणि रुपयावरून दहावर आला.

योगायोग असा, की २०० हाच आकडा शाखेतील कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकातही आहे. व्यवसाय कर म्हणून महाराष्ट्रात बहुतेक पगारदारांची दरमहा एवढीच कपात होते. जुन्या करप्रणालीत तिची प्राप्तिकरात वजावट मिळते. मान्यताप्राप्त संस्थांच्या देणगीलाही त्याच विवरणपत्रात वजावट आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. या कराला घटनेनेच वार्षिक मर्यादा घातली आहे. प्रारंभी ती २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्यानंतर पगार किती पटींनी वाढले, हे प्रत्येक वेतनकराराच्या वेळी मोजले जाते. २,५०० चा आकडा मात्र १९८८ नंतर बदललेला नाही.